झुईलाचं सोइम

काजूच्या झाडावरून ते सोइम आपण होऊन खाली उतरलं आणि थेट झुईलाच्या तळहातावर येऊन बसलं. वीतभर माकड, कानांशी पांढऱ्या केसांचे झुबके. रानातलं सोइम माणूस दिसला की शेंड्यावर पळतं, हे सेआरा प्रांतातलं शेंबडं पोरही सांगेल. पण झुईलाची अक्कल त्या दिवशी चरायला गेली होती. तिला वाटलं, लळा लागला. घरात मूलबाळ नव्हतं; ती केळं चावून त्याला आपल्या ओठांनी भरवू लागली.

तिचा नवरा एक्स्पेदितो त्याला खांद्यावर घ्यायला गेला, तर ते त्याच्या अंगठ्याला कडकडून चावलं.

"दवाखान्यात जाऊन सुई घेऊन येतो," तो म्हणाला.

"एवढ्याशा दातांना घाबरलास? ताडमाड माणूस तू!" झुईलाने जखमेत कॉफीची पूड दाबली. "नर्स आधी विचारणार, काय चावलं. मग येतील नि माझ्या बाळाची मान कापून तपासायला नेतील. आणि पिसाळतात ती कुत्री. आपल्या कुत्र्याला तर लस टोचलीय."

"बरं बाई, तुझं बाळ तुला लखलाभ." तो हसला. तिच्यापुढे त्याचं कधी चाललं होतं?

आठवडा उलटायच्या आत सोइमाचे पाय लुळे पडले आणि ते मेलं. झुईला धाय मोकलून रडली. एक्स्पेदितोनेच काजूखाली खड्डा खणला.

"आता तरी जाऊ का दवाखान्यात?"

"आता कशाला? चावणारंच गेलं."

खरं तर तेव्हाच ऊर फुटेस्तोवर धावायला हवं होतं. ते मेलं, हीच तर धोक्याची खूण होती. पण हे त्या दोघांना सांगणार कोण? सोइम घरात होतं, हेच त्यांनी लपवलेलं.

जखम भरली, विसरलीही गेली. काजूची फळं पिकली तेव्हा त्याचा हात मुंग्या आल्यासारखा चुरचुरू लागला. झोपायच्या टांगत्या झोळीत पडल्या पडल्या तो तापाने फणफणला. झुईलाने त्याच्या आवडीचा काजूचा रस ओठांशी धरला, तसा त्याचा गळा आवळला आणि पेला भिंतीवर जाऊन फुटला.

"पाणी दाखवू नकोस ग मला," तो गयावया करत म्हणाला.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुत्रा चावला होता?"

"नाही. सोइम."

"कुठंय ते?"

"मेलं." झुईलाने त्यांचा हात धरला. "द्या ना त्याला सुई आता. मी घट्ट धरते त्याला."

"आता उपयोग नाही, झुईलाबाई. चावलं तेव्हा झाला असता. त्या सोइमाची लाळ तुम्हाला लागली होती?"

"तोंडाने भरवायचे मी त्याला."

"मग तुम्ही बाही वर करा."

"मला नको!" ती मागे सरकली. "मला काही नको!"

पलीकडच्या खाटेवर एक्स्पेदितोला बांधून ठेवलं होतं. मघापासून तो बरळत होता. आता मात्र त्याची नजर तिच्यावर ठरली.

"एवढ्याशा सुईला घाबरलीस?" घोगऱ्या आवाजात तो म्हणाला. "घे ग."

तिने बाही वर केली. मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही, आणि त्याचंच तिला रडू कोसळलं.