तुळशीचं एकविसावं वर्ष

माझा धाकटा भाऊ हिरामण अमेरिकेत. त्याने त्र्याऐंशी साली आम्हाला कायमचं तिकडे बोलावून घ्यायला अर्ज केला, आणि त्याच वर्षी मंजुरीचं पत्र आलं. मला वाटलं, झालं, आता सामान बांधायचं! मंजुरी म्हणजे नुसती रांगेत उभं राहायची परवानगी असते, हे कळेपर्यंत बारा वर्षं गेली. मधे माझे यजमान वारले, आणि दोन मुलांना घेऊन मी विठ्ठलवाडीची चाळ सोडून बदलापूरला आले.

पंच्याण्णवच्या जानेवारीत शेजारच्यांकडे हिरामणचा फोन आला. "ताई, नंबर लागत आलाय. वकिलातीतनं काही आलं का? नवा पत्ता कळवलास ना?"

मी कसला कळवतेय! तशीच उठून विठ्ठलवाडी गाठली. आमच्या जुन्या खोलीत आता कौसाबाई राहायची. तिने फळीवरून एक जाड लिफाफा काढला. "दिवाळीपासनं पडलाय गं, बकुळे. सरकारी दिसला म्हणून फेकला नाय." तिच्या पाया पडायचीच बाकी होते मी.

घरी थोरल्या तुळशीने कागद वाचून सांगितले. माझ्याबरोबर मुलांना नेता येणार होतं, पण व्हिसा मिळेल त्या दिवशी मूल एकविसाच्या आतलं हवं. "मला एक जूनला एकवीस पूर्ण होतायत, आई. त्याआधी बोलावलं पाहिजे."

तुळशी तेव्हा खरी एकोणीस वर्षांची होती, आणि हे तिला माहीत नव्हतं.

ऐंशी साली मला अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं. पोरीला सांभाळायला घरात कोणी नाही, आणि साडेचार वर्षांच्या पोरीला शाळेत कोण घेणार? मी गुरुजींना ठोकून दिलं, सहा पूर्ण आहेत. जन्म माझ्या माहेरी, बारवीकडच्या पाड्यावर झालेला, दाखला कुठून असणार! गुरुजींनी एक जून चौऱ्याहत्तर लिहून टाकलं. अर्ध्या वर्गाची एक जूनच होती. पुढे दहावीच्या सर्टिफिकेटवर तीच तारीख, पासपोर्टवरही तीच. दरवर्षी त्याच दिवशी मी शिरा करायचे.

आता खरं सांगायला जीभ रेटेना. शाळेतली तारीख खोटी निघाली तर वकिलातीतला साहेब म्हणेल, बाई लबाड आहे, हिचा भाऊ तरी खरा कशावरून? म्हणजे बारा वर्षांची फाईल बंद. पोरीची दहावी, कॉलेज, सगळ्याची चौकशी. पासपोर्टवर खोटी तारीख घातली म्हणून पोलीस तिलाच उचलतील, असंही मनात यायचं. मी इतकी भ्यायले की गप्प बसले. तुळशीने सुबक अक्षरात एक जून लिहिलं आणि खाली मी सही केली.

मग सुरू झाला पत्रांचा सपाटा. दर पंधरवड्याला मी तिला लिहायला बसवायचे: लवकर बोलवा, कृपा करा. पोस्टमन गल्लीत दिसला की माझे हातपाय गार पडायचे, आणि तो पुढे निघून गेला की आणखी गार. तुळशी मलाच धीर द्यायची. मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात मला दोन घास धड जात नव्हते. एक जूनलाही मी शिरा केला, कारण केला नसता तर तिने का म्हणून विचारलं असतं.

बोलावणं जुलैत आलं. त्यात माझं नाव होतं आणि धाकट्या पदूचं. तुळशीने पत्र दोनदा वाचलं.

"तुम्ही दोघं जा," ती म्हणाली. "तिथनं तू माझा अर्ज कर. आठ-दहा वर्षांत येईन मी. रडतेस काय? यात तुझा काय दोष?"

ते मात्र मला सोसलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. ती ओरडेल, काहीतरी फेकेल, असं वाटलं होतं. तिने पत्राची घडी घातली.

"मग मी खरी जन्मले कधी?"

"भाताची झोडणी चालली होती," मी म्हटलं. "दिवाळी होऊन गेली होती."

"तारीख, आई."

मला तारीख माहीत नव्हती.