सलगमच्या सूपची पाककृती

युद्ध संपून दुसरा हिवाळा आला, तरी एल्ब नदीकाठच्या त्या जर्मन गावातल्या वर्तमानपत्रात हिल्ट्रुड फॉसच्या वाट्याला पाककृतींचाच कोपरा होता. "राजकारण आम्ही बघतो, बाई," असं संपादक केटलर म्हणायचे. छापण्याआधी त्या कोपऱ्यावर कुणी पुरुष नजरसुद्धा टाकत नसे.

त्या शनिवारी तिने सलगमचं सूप लिहिलं. सलगम चिरा, पाणी घाला, चूल पेटवा. घरात कोळसा नसेल, तर नगरपालिकेच्या तळघरात भरपूर आहे. वरचे साहेब एवढ्या थंडीतही कोट काढून बसतात.

सोमवारी गावातल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन नगरपालिकेच्या दारात उभ्या ठाकल्या. संध्याकाळी कोळसा वाटायला सुरुवात झाली.

केटलरनी तिला बोलावून घेतलं. "माझी नोकरी जाता जाता राहिली, फॉसबाई."

"आणि सूप?"

"बायकोने केलं होतं. अगदीच बेचव." मग खिडकीकडे बघत ते म्हणाले, "उद्यापासून पहिल्या पानावर लिहा."

"लिहीन की. पण माझा कोपरा सोडणार नाही."

"तो यापुढे मी छापण्याआधी वाचणार आहे."

"वाचा ना, साहेब," हिल्ट्रुड म्हणाली. "स्वयंपाक तरी शिकाल."