बाळाचं कडवं

त्यांच्या प्रार्थनेला सात कडवी, आणि एकेका कडव्याला एकेक घर. फार पूर्वी मूळ गाव सुटलं, सात घरं वाटेला लागली. वाटेत कुणी काय नेलं, कुणाचं काय गेलं, ते ज्या त्या घरानं आपल्या कडव्यात बांधून ठेवलं. वर्षातून एकदा सगळी जमत. एका घराचा कर्ता कडवं म्हणू लागला की बाकीचे माना खाली घालून कानांवर हात ठेवत. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, तसं दुसऱ्याच्या कडव्यात कान घालू नये, अशी रीत.

या रीतीच्या आडोशाला शिंपीमास्तर बावीस वर्षं उभे होते. वडिलांच्या मागं घराचं कडवं त्यांच्याकडे आलं आणि त्यांना ते येत नव्हतं. एक अक्षर नाही. पाळी आली की ते हात जोडून उठत, ओठ हलवत आणि अंदाजानं खाली बसत. "कडवं म्हणून बसले की मास्तरांचे डोळे भरलेले असतात बघा," असं कुणी म्हणालं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

यंदा ठरलं की सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं. सातातली चारच घरं उरली होती. "यंत्राला कान आहेत, पण झाकायला हात नाहीत. तेव्हा नीट म्हणा रे बाबांनो," म्हातारे अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मास्तरही हसले.

आदल्या दिवशी दुपारी ते अक्काकडे गेले. थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. त्यांच्या दुकानाचं काजबटणाचं काम तीच करी. खिडकीशी बसून ती सदऱ्याला काज करत होती.

"या मास्तर. उद्या म्हणे तुमचा आवाज अमर होणार! सदरा तरी इस्त्रीचा घाला."

"अक्का, तुला आपलं कडवं येतं का गं?"

सुई थांबली. "मला कसं येईल? मी परक्या घरची."

"येतं तुला. उद्या चुकायला नको, म्हणून एकदा ताळा करून बघू."

अक्कानं दाराकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाली,

*आमच्या घरानं नेलं पदरात एक बाळ*
*पायांखाली वाट नाही, डोईवरती आभाळ*
*पाणी आलं छातीला, बाळ रडेना झालं*

आणि थांबली.

"पुढं?" मास्तरांचा जीव कानांत गोळा झाला होता.

"पुढचं तू सांग. मला तीनच ओळी मिळाल्या, विसरलास?"

विसरले कुठले. वडील मशीनवर बसून रोज एक ओळ शिकवत. मास्तर नऊ वर्षांचे होते, सगळं लक्ष बाहेरच्या गोट्यांत. अक्का पडद्यामागं कपड्यांच्या घड्या करी. तिसऱ्या दिवशी नवी ओळ सांगून झाल्यावर त्यांना आदली आठवेना, वडिलांचा हात उचलला गेला, आणि ते ओरडले, "अक्का चोरून ऐकतेय!" तो हात तिकडं वळला. चौथ्या दिवशी अक्काला आधीच पाण्याला पिटाळलं. चौथी ओळ ऐकली ती एकट्या मास्तरांनी, तीही खिडकीबाहेर बघत. पुढं वडील मरेपर्यंत विचारत, "येतंय ना रे?" आणि ते म्हणत, "येतंय बाबा."

"सांग ना रे," अक्का म्हणाली, "वाचलं का ते बाळ? पंचेचाळीस वर्षं ते माझ्या डोळ्यांपुढं त्या पाण्यात आहे. माझी दोन झाली, त्यांना न्हाऊ घालताना तेच आठवायचं. दरवर्षी तू म्हणायचास तेव्हा वाटायचं, बोटं जरा सैल सोडावीत. पण बाबांचा हात आठवायचा."

बोटं सैल सोडली असती, तर तिला काय ऐकू आलं असतं!

"वाचलं," मास्तर म्हणाले.

"खरंच?"

"वाचलं गं. उद्या ये. कान झाकू नकोस. ऐक."

अक्कानं डोळे पुसले आणि हसत म्हणाली, "चहा टाकते, थांब." मास्तर थांबले नाहीत.

दुकानात मशीन चालवता चालवता त्यांनी ओळ जुळवलीसुद्धा. *पैलतीरी माउलीनं दूध बाळाला पाजलं.* बेमालूम बसत होती, रफू कळू नये तशी.

दुसऱ्या दिवशी सभागृहात रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीनं माईक पुढं सरकवला. मास्तर उठले. सगळ्यांचे हात कानांवर गेले. एकटी अक्का हात मांडीवर ठेवून बसली होती, तोंड किंचित उघडं, भुकेल्या लेकरासारखी. मास्तरांनी तीन ओळी म्हटल्या. चौथी जिभेवर आली. तिच्याकडे बघून ती म्हणवेना. पाण्यातलं ते बाळ खरं होतं, कुणाच्या तरी पोटचं होतं. त्याचं काय झालं ते आपण कोण ठरवणार, आणि तेही कायमचं?

"चौथी मला येत नाही," ते माईकमध्ये म्हणाले. "वडिलांनी शिकवली होती, मी ऐकली नाही. जिनं ऐकली असती, तिला मी चुगली करून हाकलायला लावलं. या तीन ओळीही तिच्याच, काल तिच्याकडून घेतल्या. बावीस वर्षं मी नुसते ओठ हलवले."

मुलगी गोंधळली. "हे... हे नंतरचं काढून टाकू का काका?"

"राहू दे. कडव्याला जोडूनच ठेव."

बाकीच्यांनी कानांवरचे हात काढले. काही झालं होतं, हे कुणाला कळलंच नव्हतं. अध्यक्षांनी मान डोलावली आणि पुढच्या घराला खूण केली. अक्का उठून निघाली होती.

मास्तरांनी तिला जिन्यात गाठलं. ती कठडा धरून सावकाश उतरत होती.

"अक्का, काहीतरी बोल. शिव्या दे."

ती दोन पायऱ्या उतरली. मग वळून न बघताच म्हणाली, "काल रात्री मला छान झोप लागली होती रे. कित्येक वर्षांनी."