तीन आडवे, चार उभे

माझी मैत्रीण नगरपालिकेत नकाशे काढते, म्हणून सगळे तिला नकाशेवालीच म्हणतात. घर आमच्या मागच्या गल्लीत. चार वर्षांपूर्वी दोघींच्या पोरांना पाचवीत घालायचं होतं. जवळच्या चांगल्या शाळेचा नियम असा, की घर शाळेपासून सहा चौकोनांच्या आत हवं. नियमाच्या कागदावर चौकोन आखलेला नकाशा होता. तिनं पेन्सिल घेतली, शाळेच्या फाटकावर शून्य लिहिलं आणि आमच्या घरापर्यंत मोजलं. तीन आडवे, चार उभे.

"सात झाले गं. माझे दोन आणि पाच, म्हणजे सातच. दोघी बाहेर. फॉर्म भरून उपयोग नाही."

मी भरला नाही. नकाशाखाली बारीक अक्षरांत काहीबाही होतं, तेही वाचलं नाही. घरात डॉक्टर असताना औषधाबरोबरचा कागद कोण वाचतं?

महिन्यानं तिच्या मुलाला तिथंच प्रवेश मिळाला. "सहजच फॉर्म टाकला होता. कुणीतरी नाव काढून घेतलं, म्हणून बाहेरची असून शेवटची जागा मिळाली," म्हणाली. मी मूर्खासारखं त्याला दप्तर घेऊन दिलं. माझी लेक तेव्हापासून दोन बस बदलून शाळेत जाते.

काल तिला शाळेत दोन बिंदूंमधलं अंतर काढायला शिकवलं. आज सुट्टी, म्हणून सरावाला तिनं कपाटाच्या दाराआड चिकटवलेला तोच नकाशा काढला.

"आई, अंतर सरळ रेषेत मोजायचं असतं. तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, झाले पंचवीस. वर्गमूळ पाच. आपण सहाच्या आत होतो की."

मी बारीक अक्षरं वाचली. अंतर सरळ रेषेत धरले जाईल. जवळच्या घरास प्राधान्य.

"मावशीचं काढ."

"चार आणि पंचवीस, एकोणतीस. वर्गमूळ पाचाच्या वर, साडेपाचच्या आत."

म्हणजे ती शेवटची जागा आमची होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. जन्मभर सरळ रेषा ओढून पोट भरणारी बाई माझ्यासमोर चौकोन मोजत बसली होती, आणि मी तिला वर चहा करून दिला होता.

संध्याकाळी ती नेहमीसारखी आली. लेकीनं वही पुढे सरकवली.

"मावशी, तेव्हा तुला हे सूत्र आठवलं नसेल ना?"

पोरीनं तिला सुटायला वाट करून दिली होती. नकाशेवालीनं वही मिटून परत सरकवली.

"आठवत होतं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "एकच जागा आहे, हे मला आधी कळलं होतं. माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

"फॉर्म भरला असता. तुलाही भरायला लावला असता."

मी कामावरून उशिरा येते, म्हणून आमची दुसरी किल्ली चार वर्षं तिच्याकडे असते. मी हात पुढे केला. ती जुडग्यातून किल्ली काढायला लागली, पण कडी उघडेना. तिचं नख तुटलं.

"मी काढून देऊ का?" लेक म्हणाली.

"तिलाच काढू दे," मी म्हटलं, आणि हात तसाच धरून उभी राहिले.