दाजींनी वाचलेली बैठक

माझ्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सकाळची बैठक फोनवर येऊन तेव्हा सहा महिने झाले होते. त्याआधी आम्ही सगळे आठ वाजता गोदामात उभे राहायचो, आणि इन्चार्ज एकेका गटाला दिवसाचं काम सांगायचे. पुढे काम शहरभर पसरलं, गट घरून थेट इमारतीवर जायला लागले आणि बैठक ऑनलाइन झाली.

इन्चार्ज म्हणजे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी दाजी म्हणायचो, माझं ऐकून सगळं गोदाम म्हणायला लागलं आणि शेवटी मॅनेजर मॅडमसुद्धा. या धंद्यात मला त्यांनीच आणलं. ते दहावी पास, मी अंगठेबहाद्दर. सुरक्षेच्या कार्डावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुणी सही करायची नाही, असा कंपनीने नियम काढला, तेव्हा बावन्नाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो. अजूनही वाचताना माझे ओठ हलतात.

दाजींचे कान गेले होते. चाळीस वर्षं मशीनरूममध्ये मोटरीशेजारी काढल्यावर दुसरं काय होणार? गोदामात ते समोरच्याच्या ओठांकडे बघून भागवायचे, आणि त्यात इतके तरबेज होते, की आम्हा घरच्यांखेरीज कुणाला पत्ता नव्हता. पण फोनच्या पडद्यावर बारा माणसांची तोंडं नखाएवढी दिसतात. कानातलं मशीन त्यांनी आणलं होतं. ते म्हणत, "त्यात माणूस आणि मोटर एकाच मापाने मोठे होतात, आणि मोटर जिंकते." मग बैठकीत कुणी काहीही बोललं, की दाजी मान हलवून म्हणत, "ठीक आहे, बघतो."

एका गुरुवारी मॅडमनी बैठकीत सांगितलं, की बाजाराजवळच्या इमारतीत एक म्हातारी बाई लिफ्टमध्ये अडकली आहे, जवळचा गट ताबडतोब पाठवा.

"ठीक आहे, बघतो," दाजी म्हणाले.

मॅडमना वाटलं, गट निघाला. दाजींना वाटलं, नेहमीचं वंगणाचं वगैरे काही असेल. मी तेव्हा गाडीत सामान चढवत होतो. बाईच्या मुलाने दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा मी धावलो. चाळीस मिनिटं ती आत उभी होती. बाहेर आल्यावर ती नुसती पायरीवर बसली. तेच जास्त लागलं.

दुपारी मॅडमनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. त्यांनी खुर्ची दाजींच्या अगदी समोर ओढली आणि सावकाश विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही, हे मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"आता करणार आहे तेच. इन्चार्जच्या शब्दावर माणसं लिफ्टच्या खड्ड्यात उतरतात, दाजी. तुम्ही स्टोअर सांभाळा. पगार तोच राहील."

दाजींनी मान खाली घातली. नट-बोल्ट देत बसण्यात कमीपणा नाही. पण शहरातल्या दोनशे लिफ्टपैकी कुठली कशी कुरकुरते हे ज्याला तोंडपाठ, त्या माणसाला खिडकीमागे बसवायचं म्हणजे त्याला जिवंतपणी भिंतीवर टांगणंच.

मी म्हणालो, "मॅडम, माझी लेक जुळ्यांचे व्हिडिओ पाठवते. त्यात ती जे बोलते ते खाली अक्षरांत उमटतं. तसं बैठकीत झालं तर दाजी वाचतील. त्यांचे डोळे माझ्यापेक्षा तरणे आहेत."

"पहिल्याच महिन्यात करून बघितलं, काका. कॉम्प्युटरवाला म्हणाला, जमत नाही. काय उमटलं माहितीये? नुसता चिवडा. कुठल्या भाषेतला तेही कळेना."

"मला एकदा बघू द्या."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. पहिल्यांदा सही करताना माझ्या कपाळावरचा घाम त्यांनी पाहिला होता. तरी हसल्या नाहीत.

"सोमवारपर्यंत वेळ आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारची बैठक दाजी चालवतील. जमलं तर मी माझा शब्द मागे घेईन. नाही जमलं, तर मंगळवारी इन्चार्जच्या किल्ल्या त्यांनी स्वतः लांब्याकडे द्यायच्या." लांब्या आमच्या एका गटाचा म्होरक्या, कामाला चोख. सेटिंग बदलता यावं म्हणून मॅडमनी तिथल्या तिथे मला बैठकीचा सह-आयोजक करून टाकलं. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, हुद्दा वाढला की तुमचा!"

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. सगळे गेल्यावर दाजी आणि मी कॉम्प्युटरपुढे बसलो. आधी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो आठवड्यातून एकदाच यायचा. म्हणाला, "काका, कशाला डोक्याला ताप? आपल्या भाषेत ते होत नाही. शिवाय रोज कुणीतरी आठवणीने बटण दाबायला लागतं. माझं सगळं बघून झालंय."

"सगळं वाचलंस?"

"वाचायचं काय त्यात? नजर टाकली की कळतं."

नजर टाकून कळण्याची सोय माझ्याकडे नव्हती. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, पडद्यावर बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत. बैठकीच्या सेटिंगमध्ये बेचाळीस ओळी होत्या. दाजी शेजारी चुळबुळ करत होते. "अरे, ती ओळ सोड ना. तिचा आपल्याशी काय संबंध?"

मी मान हलवली. सोडायची कुठली आणि धरायची कुठली, हे समजायला आधी वाचायला नको का?

सतराव्या ओळीवर लिहिलं होतं, 'रेकॉर्डिंग आपोआप सुरू करा.' त्याच्या खाली बारीक अक्षरांत दोन पर्याय होते, 'फक्त ही बैठक' आणि 'मालिकेतल्या सर्व बैठका.' खूण पहिल्यावर होती. म्हणजे कॉम्प्युटरवाल्याने ते एका दिवसापुरतं चालू केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी बंद पडल्यावर 'रोज बटण दाबायला लागतं' असा निकाल दिला होता. मी खूण दुसऱ्यावर नेली. तेविसाव्या ओळीवर 'बोलणं लिहून काढा' होतं, तेही चालू केलं. पण चिवड्याचं काय? ते काही सापडेना. दोन वाजले. दाजी उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"राहू दे," ते म्हणाले. "स्टोअरमध्ये निदान पंखा तरी आहे."

"दाजी, अजून पाच ओळी राहिल्यात."

एकोणचाळिसाव्या ओळीवर होतं, 'बैठकीत बोलली जाणारी भाषा.' तिथे परकी भाषा बसलेली. आपलं बोलणं ते यंत्र परक्या भाषेचे कान लावून ऐकत होतं. चिवडा होणार नाही तर काय! मी यादी उघडली आणि बोट खाली खाली नेलं. शेवटून चौथी, आपली भाषा होती. मी तिच्यावर खूण केली, 'जतन करा' दाबलं आणि ताईला फोन करून बैठकीत यायला सांगितलं.

ताईचं तोंड पडद्यावर आलं, म्हणजे खरं तर अर्धं कपाळ आणि स्वयंपाकघराचं छत. ती बोलायला लागली आणि खाली ओळी उमटायला लागल्या.

'अरे तीन वाजायला आले जेवणाचं काय तुमच्या वाट बघून बघून माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले आणि त्यांना विचार रक्तदाबाची गोळी घेतली का'

दाजी पुढे वाकले. चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "घेतली. सकाळीच घेतली. आणि जेवून घे तू, आम्हाला उशीर होईल."

पडद्यावर कपाळाच्या जागी ताईचा आख्खा चेहरा आला.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"दिसलं."

"पहिल्या फटक्यात? गेलं वर्षभर एकेक गोष्ट चार चार वेळा ओरडून सांगतेय मी!"

दाजींनी तेही वाचलं. "मग आता हळू बोल. इथे ओरडणं काही वेगळ्या अक्षरांत येत नाही."

ताई आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावून तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला. पडदा काळा झाला. तरी अक्षरं येत राहिली, 'काही नाही कांदा चिरत होते'.

संध्याकाळी मी सगळ्यांना निरोप पाठवला, की सोमवारपासून बैठकीचं रेकॉर्डिंग होणार, बोललेलं लिहून ठेवलं जाणार, कुणाची हरकत असेल तर सांगा. दुसऱ्या गटाचा म्होरक्या पोपट, त्याचा लगेच फोन.

"काका, म्हणजे माझं वाक्यन् वाक्य छापून राहणार?"

"राहणार."

"शिव्या पण?"

"त्या सगळ्यात ठळक."

"मग बैठक पाच मिनिटांत आटपेल की!"

"आणि ऐक. तुमच्या गाडीत चौघं एका फोनवर बोलता. यंत्राला कुठला पोपट आणि कुठला कावळा कळत नाही, सगळं तुझ्या नावावर येईल. प्रत्येकाने आपापल्या फोनवरून यायचं, बोलून झालं की आवाज बंद करायचा."

"वा! म्हणजे चौघांचं पाप माझ्या माथी लागलं असतं," पोपट म्हणाला, आणि हरकत नाही असं त्याने कळवून टाकलं.

सोमवारी आठला पाच मिनिटं असताना दाजी ऑफिसातल्या मोठ्या पडद्यापुढे बसले. मॅडम मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी बाजूला, माऊसला हात न लावता. आठ वाजले. कुणीही काही दाबलं नाही आणि वरच्या कोपऱ्यात लाल ठिपका लागला.

दाजींनी एकेकाला बोलतं केलं. लांब्या बोलला, त्याचं बोलणं त्याच्या नावापुढे उमटलं. मग इतर गट झाले. कुणाचा दोर बदलायचा, कुणाच्या दाराची पट्टी. दाजी वाचत होते, उत्तरं देत होते. कुणाला कळलंही नसतं. शेवटी पोपटाचा गट आला, त्यातला वायरमन बोलला. पोपट म्हणाला, "बस, निघतो आम्ही."

"थांब," दाजी म्हणाले. त्यांनी माझ्यापुढचा माऊस ओढून घेऊन मजकूर वर सरकवला, पुन्हा खाली आणला. त्यांचा आवाज बहिऱ्या माणसाचा, मोठा. "लांब्या, जुन्या टॉवरला तुझा माणूस दोन नंबरच्या लिफ्टच्या खड्ड्यात नऊ ते साडेअकरा. बरोबर?"

"बरोबर, दाजी."

"पोपट, तुझा वायरमन त्याच टॉवरला एक नंबरची चाचणी घेणार. दहा वाजता मेन स्विच टाकून वीज चालू करणार. बरोबर?"

"हो... कालच तक्रार आली म्हणून..."

"त्या टॉवरला दोन्ही लिफ्टचा मेन एकच आहे. तळघरात. त्याची कुलपाची कडी गेल्या महिन्यात मोडलीय, नुसती 'काम चालू'ची पाटी लटकवताय तुम्ही. दहा वाजता मेन टाकलास तर खड्ड्यातल्या माणसाचं काय होईल?"

पोपटाने हातातली हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

आम्हा सगळ्यांना नीट ऐकू येत होतं. लांब्या आणि वायरमन यांच्या बोलण्यात दहा मिनिटांचं अंतर होतं. आपली पाळी येईपर्यंत जो तो ऐकतो, मग हत्यारं उचलायला लागतो. मीसुद्धा दोन्ही ऐकलं होतं आणि दोन्ही सोडून दिलं होतं. दाजींच्या पुढे मात्र सगळं बोलणं एकाखाली एक मांडलेलं होतं.

लांब्याच पहिल्यांदा बोलला. "दाजी, माझा माणूस आत उतरणार म्हणजे... माझा भाचा आहे तो."

"भाचा असो नाही तर परका. पोपट, तू आधी नवी कडी आणि कुलूप घेऊन जा, मेनला ठोक. किल्ली लांब्याच्या खिशात. चाचणी बाराला. मला कुलपाचा फोटो आल्याशिवाय खड्ड्यात कुणी पाय ठेवायचा नाही."

"ठोकतो, दाजी," पोपट म्हणाला. एक शब्द जास्त नाही. त्याच्या नावापुढे इतकी छोटी ओळ पुन्हा कधी उमटली नाही.

नऊला सात मिनिटं असताना कुलपाचा फोटो आला. मॅडमनी तो बघितला. त्या भिंतीपासून पुढे आल्या, दाजींना दिसेल अशा समोर उभ्या राहिल्या.

"स्टोअरसाठी मी दुसरं कुणीतरी शोधते," त्या म्हणाल्या.

दाजींनी एका बैठकीत लागलेल्या सवयीने पडद्याकडे बघितलं. बैठक संपली होती, तिथे काही उमटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणाल्या?"

"तुम्हीच इन्चार्ज, म्हणाल्या."

"ते त्यांच्या ओठांवरून कळलं मला," दाजी म्हणाले. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." आणि दोनशे लिफ्टच्या त्या इन्चार्जने माझ्या पाठीत असा रपाटा घातला, की आठवडाभर ताई तेल चोळून देत होती आणि नवऱ्याला बोल लावत होती, आणि दाजी तिचं बोलणं फोनवर वाचून उत्तरं देत होते.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटरवाला आला. सेटिंग बघून म्हणाला, "हे कुणी केलं?" मी म्हणालो, "सह-आयोजकाने." तो त्या बेचाळीस ओळी दोनदा खालीवर करून गेला. महिनाभरात कंपनीच्या बाकीच्या तिन्ही शाखांच्या बैठका त्याने तशाच लावल्या. त्या प्रत्येक वेळी मला फोन करून ओळींचे नंबर विचारायचा.

दाजी त्यानंतर सव्वातीन वर्षं इन्चार्ज राहिले. त्या काळात आमचा एकही माणूस खड्ड्यात जखमी झाला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना साडेचार वर्षं मिळाली. माझी जुळी नातवंडं दुसरीत होती त्या वर्षी, मार्चच्या अकरा तारखेला, दुपारी पावणेदोन वाजता, दाजी घरी वारले. वय एकोणसत्तर.