पाटा एक, वरवंटा एक

मंगलचं बारावं होऊन नऊ दिवस झाले, आणि तिचे यजमान, निवृत्त सुभेदार मानसिंग, साताऱ्याहून पहिल्या एसटीने सांगलीला पाटा न्यायला निघाले.

आदल्या दिवशी त्यांनी लेकीला फोन करून तसं रीतसर कळवलं होतं. "शिवे, उद्या येतोय. पाटा काढून ठेव. सहा वाट्या, तीन ताटं, मोठं पातेलं, त्येबी. आन् एक कागद आणतोय, त्यावर तुझी सही लागंल."

"या," शिवांजली म्हणाली.

ती कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचं काय होतं, याविषयीची बरीच पुस्तकं तिच्या हाताखालून गेली होती. पण बायकोच्या बाराव्यानंतर नवरा वाट्या मोजायला येतो, हे त्यातल्या एकाही लेखकाला सुचलं नव्हतं.

फौजेतली अठ्ठावीस वर्षं मानसिंगांनी स्टोअरमध्ये काढली. गोळी त्यांनी फारशी झाडली नाही, पण एकही हरवू दिली नाही. तंबू, बूट, मग, घोंगड्या, सगळ्यांचे नग, हालत आणि वस्तू कुठून आली ते रजिस्टरात. चार्ज घेताना सही, देताना सही. त्या काळात साताऱ्याचं घर मंगलने चालवलं. प्लॉट तिने शोधला, गवंड्यांशी ती भांडली, आणि ब्लाउज शिवून शिवून वरचा मजला तिनेच चढवला. निवृत्त होऊन आले त्याच आठवड्यात मानसिंगांनी तिच्याकडून घराचा चार्ज घेतला. खरोखरच घेतला. लांबडं रजिस्टर आणलं, रकाने आखले, चमच्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत सगळ्याची नोंद केली आणि खाली मंगलची सही घेतली: 'चार्ज दिला.' त्या दिवसापासून साखरेच्या डब्याची किल्ली त्यांच्या कमरेला आली. कप फुटला की मंगल सही करायची.

सतरा वर्षं तिने सह्या केल्या. बासष्टाव्या वर्षी तिने वकील गाठला.

बाई भ्रमली, असं लोक म्हणाले. दारू नाही, मारहाण नाही, बाहेरची भानगड नाही, मग हिला पाहिजे तरी काय? मानसिंगांना राग मात्र आला नाही. वाटणी म्हटल्यावर त्यांना एकदम हुरूप आला. "अन्याव कुणावरबी व्हनार न्हाई," असं जाहीर करून ते रजिस्टर घेऊन बसले.

बारा वाट्या होत्या, सहा-सहा झाल्या. चमचे सात निघाले. सातवा महिनाभर इकडे आणि महिनाभर तिकडे ठेवावा, असं त्यांनी सुचवलं. पाटा आणि वरवंटा रजिस्टरात दोन वेगळ्या ओळींवर होते. पाटा, दगडी, नग एक. वरवंटा, दगडी, नग एक. म्हणून पाटा मंगलला आणि वरवंटा मानसिंगांना. ते ऐकून मंगल इतकी हसली, की वकिलाने तिच्यापुढे पाणी सरकवलं.

"ऱ्हाऊ द्या, वकीलसाहेब," ती डोळे पुसत म्हणाली, "आजवर आमी असंच तर वाटण वाटलंय."

कोर्टातल्या मध्यस्थाने ती यादी वाचली आणि इतका समंजस नवरा आपण पाहिला नाही म्हणून मानसिंगांचा हात हातात घेतला. घर दोघांच्या नावावर होतं, कारण बायकोचं नाव घातलं की कर्जाचं व्याज थोडं उतरतं. मंगलच्या नावाला त्या घरात मिळालेला तेवढाच मान. खालचा मजला त्यांना, वरचा तिला, असं ठरलं. सह्या झाल्या. घटस्फोटाआधी कायद्याने दोघांना फेरविचारासाठी सहा महिने मिळाले. मंगल आपली निम्मी भांडी आणि पाटा घेऊन लेकीकडे सांगलीला आली आणि भेटेल त्याला सांगू लागली, "सहा म्हैनं झालं की मी माझ्या घरात ऱ्हायला जानार."

पाचव्या महिन्यात एका दुपारी ती जेवून आडवी झाली आणि उठलीच नाही.

महिनाभराने ती मोकळी झाली असती. त्याऐवजी ती सवाष्ण गेली. भावकीतल्या बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, कोपरापर्यंत हिरवा चुडा घातला, कपाळभर मळवट भरला. "नशीबवान गं बाय, धन्याच्या आदी गेली," असं म्हणत एकेकीने तिच्या पायावर डोकं ठेवलं. धनी कोपऱ्यात डोक्याला हात लावून बसले होते आणि लोक त्यांना धीर देत होते. आईने पाच महिने दिवस मोजून जे मिळवत आणलं होतं, ते या बायकांनी तासाभरात पुसलं, आणि तेही मायेने. शिवांजली भिंतीला टेकून उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याचा तिला भरवसा नव्हता.

गुरुवारी साडेअकराला मानसिंग आले. हातात वायरची पिशवी, काखेत रजिस्टर. चहा झाला.

"पाटा दिसंना?"

"खाली फिरदोसचाचींकडे आहे. त्यांच्या पाट्याचे दोन तुकडे झाले होते, वरवंटा तेवढा शिल्लक होता. आईकडे नुसता पाटा. मग दोघी मिळून तिथंच वाटण वाटायच्या."

"कुणाला इचारून दिला?"

"आबा, तो आईचा होता."

"व्हता," मानसिंग म्हणाले. "आता निकालच झाला न्हाई म्हनल्यावर त्यो वाटपाचा कागद रद्दी हाय. वकिलाला इचारलंय मी. समदा माल मागारी स्टोअरला. आन् हे बग." त्यांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. "हक्कसोड. तुझ्या आईच्या निम्म्याला आता तू आन् मी वारस. तू तुझं नाव सोडायचं. माझ्या माघारी समदं तुझंच हाय की."

"मग राहू दे की नाव. मध्ये घाई कसली?"

मानसिंगांनी कपाचा तळ पाहिला. "गिऱ्हाईक आलंय. अख्खं घर मागतंय. वरचा मजला सोडून घ्यायला तयार न्हाई."

शिवांजलीने कागद वाचला. तिला कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचायची सवय होती. "'मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता...' माझी राजीखुशी तुम्ही साताऱ्याहून टाइप करूनच आणलीत."

"तसंच लिवत्यात समदीकडं. सातबारावर भनी न्हाईत का सह्या करत? तुझ्या आत्यांनी केल्या. कुनी कुरकुर केली न्हाई."

"त्यांना कुणी विचारलं होतं?"

"शिवे, तोंड चालवू नगंस. म्या कवा कुनाचं येक चमचाभर ठिवून घेतलं न्हाई."

"नाही," ती म्हणाली. "चमचा नाही. चला, आधी रजिस्टर उघडा. चार्ज पुरा होऊ द्या."

ते त्यांना पटलं. चष्मा नाकावर आला. शिवांजलीने वाट्या एकेक करून फरशीवर मांडल्या, आणि त्यांनी प्रत्येकीचा काठ बोटाने चाचपला. सहावी उन्हाकडे धरली.

"ही चेपलीय."

"लिहा तसं."

'चेपलेली', त्यांनी लिहिलं. ताटं झाली, पातेलं झालं. सगळं पिशवीत गेलं. त्या चेपलेल्या वाटीत आई शेवटच्या दुपारी ताक प्याली होती. शिवांजलीने ते सांगितलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात तेवढी जागा नव्हती.

"आता वरचा मजला," ती म्हणाली.

"त्यो ह्यात कशाला?"

"ह्यात आहे. मी लहानपणापासून तुमचं रजिस्टर वाचत आलेय, आबा. घरात वाचायला दुसरं होतं काय?" तिने पानं उलटली आणि बोट ठेवलं. "वाचा."

मानसिंगांनी वाचलं नाही, म्हणून तिनेच वाचलं. "'वरचा मजला. खोल्या दोन, मोरी एक. हालत चांगली. कुठून आला: मंगल, शिवणकाम.' अक्षर तुमचं आहे. खाली सहीसुद्धा."

"जे व्हतं ते लिवलं."

"मग आता खोडा. 'मंगल' खोडा आणि तिथं 'मानसिंग' लिहा. लगेच सही करते तुमच्या कागदावर."

तिने स्वतःचं पेन टोपण काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी घेतलंही. निब ओळीवर टेकली. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, त्याही मानसिंगांनी मोजल्या असतील.

"रजिस्टरात खाडाखोड चालत न्हाई," ते शेवटी म्हणाले.

"मलाही चालत नाही."

"ह्ये बग, ह्यो कागूद निराळा, ते रजिस्टर निराळं—"

"पाटा निराळा, वरवंटा निराळा. माहीत आहे. आणा इकडे, भांड्यांची सही राहिलीय."

त्यांनी रजिस्टर सरकवलं, कारण भांड्यांची सही खरोखरच राहिली होती. वाट्या, ताटं, पातेलं यांच्यापुढे तिने 'चार्ज दिला' असं लिहून नाव आणि तारीख घातली. मग मागचं पान उलटलं आणि वरच्या मजल्याच्या ओळीपुढे शेऱ्याचा रकाना कोरा होता, त्यात त्याच अक्षरात लिहिलं: 'चार्ज दिला नाही.' नाव. तारीख.

"ह्ये काय केलंस?" मानसिंग उभे राहिले.

"जे होतं ते लिहिलं."

त्यांनी पिशवी उचलली. भांडी खडखडली. हक्कसोडीचा कागद घडी करून त्यांनी खिशात घातला आणि जिना उतरले. तळमजल्यावर फिरदोसचाचींचं दार उघडंच होतं. त्या भिजवलेल्या लाल मिरचीवर खोबरं घालत पाट्यासमोर बसल्या होत्या.

"आवो सुभेदारसाहेब," त्या न उठता म्हणाल्या, "पाटा पायजे म्हनं तुमाला? घेऊन जा की, तुमच्याच मालकिनीचा हाय. तेवढं वाटण होऊ द्या."

मानसिंग दारातूनच पाट्याकडे बघत राहिले. दीड हात लांब, टाकी लावलेला काळा दगड, त्यावर तिखटाचा लाल ओघळ. तो उचलून एसटीत चढवायचा कसा, हे रजिस्टरात कुठे नव्हतं.

"पुन्ना येतो," ते म्हणाले.

"या की. येताना वरवंटा बी घेऊन या. आमचा झिजलाय."

शिवांजली वर गॅलरीत उभी होती. रस्त्यापलीकडे रिक्षा थांब्याच्या कट्ट्यावर मानसिंगांनी पिशवी ठेवली, मांडीवर रजिस्टर उघडलं आणि खिशातून आपलं पेन काढलं. बराच वेळ ते तसेच वाकून बसले, पेन काही पानाला टेकलं नाही. दोन रिक्षा आल्या आणि गेल्या. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, रजिस्टर मिटलं, आणि ते तिसऱ्या रिक्षात बसले.