थरथऱ्याला न मिळालेली तीन उत्तरं

मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. मी एक जुना थरथऱ्या आहे, सुपारीएवढा. ड्रायव्हरच्या खांद्यावर मला चिकटवत आणि त्याच्या बोटाला बटण बांधत. दर चार-पाच सेकंदांनी मी थरथरायचं, त्यानं बटण दाबायचं. उशीर झाला की समजायचं, डोक्यावरचा ताण वाढलाय, रस्त्यावरचं लक्ष उडालंय.

इंजिनिअरिंग शिकणाऱ्या रुपालीताईंनी मला कॉलेजात घडवलं आणि मुरबाड-धसई रस्त्यावरच्या ड्रायव्हर भगीरथच्या जीपमध्ये आणलं. मालक शामशेठनं तिथे नवा पडदा बसवला होता. पुढच्या प्रवाशाचं नाव त्यावर यायचं आणि गाडी चालवतानाच त्यावर बोट टेकवायचं. हे ड्रायव्हरला झेपतं का, ते मी सांगायचं होतं. भगीरथला मात्र वाटलं, परीक्षा आपलीच आहे. नापास झालो तर गाडी जाणार!

पण उत्तरं कशी झटपट आली! रुपालीताईंनी माझं कौतुक केलं. मला मात्र चैन पडेना, कारण खरी गोम मला ठाऊक होती. पुढच्या सीटवर भगीरथला खेटून भाजीवाली लहानीमावशी बसायची. माझी थरथर तिच्याही खांद्याला कळायची आणि ती त्याला हळूच कोपर हाणायची. "दाब रं, दाब!" आपला माणूस पास व्हावा, एवढंच तिच्या मनात. मी बोलणार कसा?

तिसऱ्या दिवशी मावशीची जागा रिकामी होती. वळणावर पडदा उजळला. अक्षरं बारीक, बोट भलतीकडेच पडत होतं. मी थरथरलो. उत्तर नाही. पुन्हा थरथरलो, जीव तोडून. नाही. तिसऱ्यांदाही नाही, आणि मग करकचून ब्रेक लागला.

रस्त्यावर भेंड्या विखुरल्या होत्या. टोपली टाकून बाजूला उडी मारलेली लहानीमावशी धूळ झटकत उठत होती. त्या दिवशी सुनेनं फोनवरून पुढच्या थांब्यापासूनची जागा धरली होती, म्हणून ती चालत तिकडे निघाली होती. पडद्यावर नाव तिचंच होतं.

"आरं, त्या काचंत मला काय शोधतोस? मी पुढ्यात उभी हाय ना!"

भगीरथ मागच्या सीटवर उत्तरं टिपणाऱ्या रुपालीताईंकडे वळला. "ताई, लिवा," तो म्हणाला. "तीनदा चुकलो. आदीची उत्तरं माझी नाय, मावशीच्या कोपराची. गाडी गेली तर जाऊ दे."

गाडी गेली नाही, पडदा गेला. शामशेठ आता नावांची यादी जीप सुटण्याआधीच हातात देतो.

माझी वायर तुटली, मी खणात पडून आहे. ती न आलेली तीन उत्तरं आठवली की अजून जीव खालीवर होतो. मित्रांनो, माझी विचारपूस केली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या ड्रायव्हरचं उत्तर उशिरा येऊ लागलं, तर त्याला कोपर हाणू नका. पडदा झाका आणि समोर कोण उभं आहे, ते त्याला बघू द्या.